आडवा तक्ता, उभी मोजणी: एसक्यूएलमध्ये कॉलमच्या ओळी कशा कराव्यात

संत्र्याच्या बागांच्या पाहणीचा एक छापील फॉर्म डोळ्यांसमोर आणावा. वर बागेचा क्रमांक आणि तालुका, आणि खाली ‘आढळलेल्या तक्रारी’ या मथळ्याखाली तीन रिकाम्या जागा. काटोलच्या बागेत फिरलेला माणूस पहिल्या जागेत ‘डिंक्या’ (झाडातून डिंक पाझरण्याचा रोग) लिहितो, दुसऱ्या जागेत ‘फळगळ’ लिहितो आणि तिसरी जागा मोकळी सोडतो. हे फॉर्म नागपूरच्या कार्यालयात पोहोचले की ते संगणकावर भरण्यासाठी टेबल तयार होते, आणि फॉर्म समोर असल्यामुळे त्या टेबलातही तक्रार१, तक्रार२, तक्रार३ असे तीन कॉलम येतात. कागदासाठी ही मांडणी उत्तमच आहे, कारण एका बागेचे सगळे चित्र एका ओळीत दिसते. अडचण निर्माण होते ती, जेव्हा कोणी अगदी साधा प्रश्न विचारतो: यंदा सर्वांत जास्त बागांत कोणती तक्रार आढळली?

या प्रश्नाचे उत्तर त्या टेबलातून सरळ का निघत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्यातील ग्रुप बाय ही आज्ञा एका कॉलमातील मूल्ये वरून खाली पाहते, सारखी मूल्ये एका गटात टाकते आणि प्रत्येक गटातील ओळी मोजते. तिला आडवे पाहता येत नाही. तक्रार१ वर ग्रुप बाय केले तर दुसऱ्या व तिसऱ्या जागेत लिहिलेला डिंक्या मोजलाच जात नाही. तिन्ही कॉलम एकत्र देऊन ग्रुप बाय केले तर ‘डिंक्या, फळगळ’ आणि ‘फळगळ, डिंक्या’ हे दोन वेगळे गट ठरतात, कारण तेव्हा तक्रारींऐवजी तक्रारींच्या जोड्या व त्यांचा क्रम मोजला जात असतो. म्हणजे एकाच प्रकारची माहिती तीन कॉलमांत विखुरलेली असणे, हेच या अडचणीचे मूळ आहे. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये टेबलांत माहिती ठेवण्याचे रिलेशनल मॉडेल मांडले, तेव्हापासून टेबलाची रचना शिकवताना अशा क्रमांक लावलेल्या कॉलमांबद्दल सावध केले जाते. पाठ्यपुस्तकांत त्यांना पुनरावृत्त गट म्हणतात. प्रत्यक्ष कामात मात्र अशी टेबले रोज समोर येतात आणि ती नाकारून चालत नाही.

पुढील विवेचनासाठी हा छोटा नमुना तक्ता घेऊ. त्यातील आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. टेबलाचे नाव ‘पाहणी’. त्यातील ‘नल’ म्हणजे त्या जागेत काहीच मूल्य नसणे.

| बाग | तालुका | तक्रार१ | तक्रार२ | तक्रार३ |
|---|---|---|---|---|
| १०१ | काटोल | डिंक्या | फळगळ | नल |
| १०२ | काटोल | फळगळ | कोळशी | डिंक्या |
| १०३ | नरखेड | कोळशी | नल | नल |
| १०४ | कळमेश्वर | डिंक्या | फळगळ | डिंक्या |
| १०५ | सावनेर | नल | नल | नल |

१०४ क्रमांकाच्या बागेत डिंक्या दोनदा लिहिलेला आहे आणि १०५ क्रमांकाच्या बागेत एकही तक्रार नाही, या दोन ओळी लक्षात ठेवाव्यात. मोजणीतील बहुतेक घोटाळे अशाच ओळींपाशी होतात.

कॉलमच्या ओळी करण्याचा सर्वांत जुना आणि कोणत्याही डेटाबेसमध्ये चालणारा मार्ग म्हणजे युनियन ऑल. एकच टेबल तीनदा वाचायचे, प्रत्येक वेळी एकच तक्रार-कॉलम उचलायचा आणि तिन्ही निकाल एकाखाली एक रचायचे. खालील क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात आज्ञांचे शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात.

सिलेक्ट बाग, तालुका, १ ॲज क्रम, तक्रार१ ॲज तक्रार फ्रॉम पाहणी
युनियन ऑल
सिलेक्ट बाग, तालुका, २, तक्रार२ फ्रॉम पाहणी
युनियन ऑल
सिलेक्ट बाग, तालुका, ३, तक्रार३ फ्रॉम पाहणी

पाच ओळी आणि तीन कॉलम यांच्या पंधरा ओळी होतात. त्यांपैकी सहा ओळींत तक्रारीच्या जागी नल आहे आणि नऊ ओळींत प्रत्यक्ष तक्रार आहे. या निकालाला ‘उभी_पाहणी’ असे नाव देऊ. आता सर्व तक्रारी एकाच कॉलमात आल्या आहेत, त्यामुळे मोजणी एका छोट्या क्वेरीत होते.

सिलेक्ट तक्रार, काउंट(*) ॲज नोंदी, काउंट(डिस्टिंक्ट बाग) ॲज बागा
फ्रॉम उभी_पाहणी
व्हेअर तक्रार इज नॉट नल
ग्रुप बाय तक्रार
ऑर्डर बाय बागा डेस्क

उत्तर असे येते: डिंक्याच्या नोंदी चार आणि बागा तीन, फळगळीच्या नोंदी तीन आणि बागा तीन, कोळशीच्या नोंदी दोन आणि बागा दोन. नोंदींची बेरीज नऊ येते आणि वर मोजलेल्या नऊ ओळींशी ती जुळते. हा ताळा प्रत्येक वेळी करून पाहावा. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि पुढचा मोठा गोंधळ टळतो.

येथे ‘ऑल’ या शब्दाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नुसते युनियन लिहिले तर डेटाबेस सारख्या दिसणाऱ्या ओळी गाळून टाकतो. वरच्या क्वेरीत बागेचा क्रमांक आणि क्रम हे दोन्ही घेतलेले असल्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी आहे आणि नुसत्या युनियनने काही हरवणार नाही. परंतु कोणी घाईत क्रम वगळला तर १०४ मधील डिंक्याच्या दोन ओळींची एक होते आणि नऊऐवजी आठ नोंदी उरतात. बाग व तालुका हेही वगळून केवळ तक्रार घेतली, तर सगळ्याच सारख्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि डिंक्या एक, फळगळ एक, कोळशी एक असे उत्तर येते. क्वेरी कोणतीही त्रुटी न दाखवता चालते आणि उत्तर मात्र पूर्णपणे चुकीचे असते. त्यामुळे मोजणीसाठी ओळी रचताना युनियन ऑलच वापरावे आणि ओळीची ओळख पटवणारा क्रमांक सोबत ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. दुबार नोंदी काढायच्याच असतील तर ते काम काउंट डिस्टिंक्टकडे द्यावे, म्हणजे ते क्वेरी वाचणाऱ्याला उघड दिसते.

यातूनच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समोर येतो: आपण नेमके काय मोजत आहोत? चार आणि तीन हे डिंक्याचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. फॉर्मवर डिंक्या किती वेळा लिहिला गेला याचे उत्तर चार, आणि किती बागांत आढळला याचे उत्तर तीन. डिंक्यावर लावायची बोर्डो पेस्ट किती बागायतदारांपर्यंत पोहोचवायची हे ठरवायचे असेल तर तीन हाच आकडा उपयोगाचा आहे. कदाचित १०४ मध्ये पाहणी करणाऱ्याने बागेच्या दोन टोकांना आढळलेला डिंक्या मुद्दाम दोनदा लिहिला असेल, कदाचित ती नजरचूक असेल. ते एसक्यूएल सांगू शकत नाही. ते फॉर्म भरणाऱ्यालाच विचारावे लागते, आणि विचारावे.

रिकाम्या जागांचाही असाच विचार करावा लागतो. काउंट(*) ओळी मोजते, तर काउंट(तक्रार) त्या कॉलमात नल नसलेल्या ओळी मोजते. वरील क्वेरीतून व्हेअरची ओळ काढली तर निकालात नलचा एक गट दिसतो, ज्यात काउंट(*) सहा दाखवते आणि काउंट(तक्रार) शून्य. मोकळी जागा नेहमी नल असतेच असेही नाही. डेटा भरणाऱ्याने तेथे रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) ठेवली असेल, एखादी आडवी रेघ टाकली असेल किंवा ‘नाही’ असे लिहिले असेल, तर ती सगळी डेटाबेसच्या दृष्टीने खरीखुरी मूल्ये आहेत आणि ती मोजली जातात. ओरॅकल हे डेटाबेस सॉफ्टवेअर रिकाम्या स्ट्रिंगला नल मानते. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल तसे मानत नाहीत. म्हणून एका डेटाबेसमधून दुसऱ्यात डेटा नेल्यावर तीच मोजणी अचानक बदललेली दिसू शकते.

आता टक्केवारी काढू, कारण अहवालात शेवटी टक्केवारीच मागितली जाते. पाच बागांपैकी तीन बागांत डिंक्या, म्हणजे ६० टक्के. परंतु उभ्या तक्त्यातून नल ओळी गाळल्यावर तेथेच काउंट(डिस्टिंक्ट बाग) करून एकूण बागा काढल्या तर उत्तर चार येते, कारण १०५ क्रमांकाची निरोगी बाग नल ओळींसोबत निघून गेलेली असते. मग चारपैकी तीन म्हणजे ७५ टक्के असा आकडा अहवालात जातो. ज्या बागांत काहीच बिघडलेले नाही त्याच हिशेबातून गळतात, त्यामुळे रोगाचे प्रमाण नेहमी वास्तवापेक्षा जास्तच दिसते. एकूण बागांचा आकडा मूळ ‘पाहणी’ टेबलातूनच घ्यावा. शिवाय एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यावर पूर्णांकच देतात. तेथे ३ भागिले ५ याचे उत्तर ० येते. १००.० ने आधी गुणून मग भागावे.

याच्या उलट बाजूचा प्रश्न म्हणजे जे आढळलेच नाही त्याचा. सायला ही कीड पाचही बागांत दिसली नसेल, तर ग्रुप बायच्या निकालात सायलाची ओळच येत नाही. ‘सायला: ०’ असे अहवालात हवे असेल तर सर्व संभाव्य तक्रारींची वेगळी यादी टेबलात असावी लागते आणि तिच्यापासून सुरुवात करून लेफ्ट जॉइन, म्हणजे यादीतील प्रत्येक ओळ ठेवून तिला दुसऱ्या टेबलातील जुळणाऱ्या ओळी जोडण्याचा प्रकार, वापरावा लागतो.

सिलेक्ट य.तक्रार, काउंट(उ.बाग) ॲज नोंदी
फ्रॉम तक्रार_यादी य
लेफ्ट जॉइन उभी_पाहणी उ ऑन उ.तक्रार = य.तक्रार
ग्रुप बाय य.तक्रार

येथे काउंट(*) लिहिले तर सायलापुढे शून्याऐवजी एक येतो, कारण जोडीदार न मिळालेली यादीतील ओळही निकालात एक ओळ म्हणून उरते. काउंट(उ.बाग) लिहिले की तेथे नल असल्यामुळे शून्य येतो. हा फरक लहान दिसतो, पण ज्या तालुक्यात कीड नाही तेथे ती एका बागेत आहे असे सांगणारा अहवाल त्यातून तयार होतो.

युनियन ऑलखेरीज आणखीही मार्ग आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून आणि ओरॅकलमध्ये ११जी पासून अनपिव्हट ही स्वतंत्र रचना उपलब्ध आहे. तिच्यात कॉलमांची यादी द्यायची, नव्या मूल्य-कॉलमाचे नाव द्यायचे आणि जुन्या कॉलमांची नावे ज्या कॉलमात जातील त्याचे नाव द्यायचे. लिहायला ती आटोपशीर आहे, परंतु तिचे दोन स्वभाव माहीत असायला हवेत. पहिला, ती नल ओळी न विचारता गाळते; ओरॅकलमध्ये इन्क्लूड नल्स असे लिहून त्या ठेवता येतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये तशी सोय नाही. दुसरा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व कॉलमांचा डेटा प्रकार आणि लांबी तंतोतंत सारखी असावी लागते. तक्रार१ ची लांबी ५० आणि तक्रार२ ची ६० असली तरी क्वेरी अडते आणि आधी कास्ट करून सर्वांचा प्रकार व लांबी सारखी करावी लागते.

एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्यांना मी क्रॉस अप्लाय आणि व्हॅल्यूज यांची जोडी सुचवतो. फॉर्मवर प्रत्येक तक्रारीसमोर तिची तीव्रताही लिहिलेली असेल, म्हणजे तक्रार१ सोबत तीव्रता१ असे कॉलम असतील, तर तेथील अनपिव्हट दोन्ही एकत्र उचलू शकत नाही, पण ही रचना सहज उचलते.

सिलेक्ट प.बाग, उ.क्रम, उ.तक्रार, उ.तीव्रता
फ्रॉम पाहणी प
क्रॉस अप्लाय (व्हॅल्यूज
(१, प.तक्रार१, प.तीव्रता१),
(२, प.तक्रार२, प.तीव्रता२),
(३, प.तक्रार३, प.तीव्रता३)) ॲज उ (क्रम, तक्रार, तीव्रता)
व्हेअर उ.तक्रार इज नॉट नल

याचा अर्थ असा की पाहणीतील प्रत्येक ओळीसाठी तीन ओळींचे एक छोटे टेबल जागेवरच तयार होते आणि मूळ ओळीला जोडले जाते. टेबल एकदाच वाचले जाते, आणि नल ठेवायचे की गाळायचे हा निर्णय शेवटच्या ओळीत आपल्या हातात राहतो. पोस्टग्रेसमध्ये ९.३ आवृत्तीपासून हेच काम क्रॉस जॉइन लॅटरल या शब्दांनी होते. मायएसक्यूएलमध्ये अनपिव्हट नाही. तेथे युनियन ऑल हाच रुळलेला मार्ग आहे.

तक्रार१, तक्रार२ या नावांतील आकड्यांना फारसा अर्थ नसतो. ती केवळ फॉर्मवरील जागा असते. काही टेबलांत मात्र कॉलमच्या नावातच माहिती दडलेली असते आणि तेथे अधिक काळजी लागते. समजा उत्पादनाच्या टेबलात बाग, वर्ष, आंबिया_क्रेट आणि मृग_क्रेट असे कॉलम आहेत. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम. या दोन कॉलमांच्या ओळी करताना ‘आंबिया’ आणि ‘मृग’ हे शब्द कॉलमच्या नावातून बाहेर काढून ‘बहार’ नावाच्या नव्या कॉलमात मूल्य म्हणून ठेवावे लागतात. ते विसरले तर कोणता आकडा कोणत्या बहाराचा हे कायमचे हरवते. आपल्याकडे बागायतदार साधारणपणे वर्षात एकच बहार धरतो, त्यामुळे दोन कॉलमांपैकी एक बहुधा मोकळा असतो. त्या जागी नल असणे म्हणजे तो बहार धरलाच नाही, आणि शून्य असणे म्हणजे बहार धरला पण फळ हाती आले नाही. सरासरी काढणारी एव्हीजी ही आज्ञा नल सोडून देते आणि शून्य हिशेबात धरते. एखाद्याने मोकळ्या जागा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सर्वत्र शून्य भरले तर सरासरी उत्पादन निम्म्याच्या आसपास घसरलेले दिसेल, आणि बागेत तसे काहीच घडलेले नसेल.

ओळी उभ्या झाल्यावर बागेची इतर माहितीही पुन्हा पुन्हा येते, हेही विसरू नये. १०२ क्रमांकाची बाग दोन हेक्टरची असेल तर उभ्या तक्त्यात ते दोन हेक्टर तीन ओळींत दिसतात, आणि तेथे क्षेत्राची बेरीज केली तर सहा होते. बागेचे क्षेत्र, झाडांची संख्या, तालुका या गोष्टी बागेच्या आहेत, तक्रारीच्या नाहीत. त्यांच्या बेरजा मूळ टेबलातच कराव्यात.

मराठीत भरलेल्या डेटाची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती येथे सविस्तर सांगतो. ‘पांढऱ्या माशीचा प्रादुर्भाव’ अशी तक्रार दोन कर्मचाऱ्यांनी भरली आणि मोजणीत तिचे दोन गट आले, दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे. कारण ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. काही कीबोर्ड तिसराच मार्ग घेतात आणि साध्या ‘र’च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना एक दिसणारा शब्द बाइट तुलनेत तीन वेगळे शब्द ठरतो. पहिल्या दोन रूपांचा मेळ युनिकोड नॉर्मलायझेशनने बसतो, आणि पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉर्मलाइज हे फंक्शन आहे. अदृश्य चिन्हाचे तिसरे रूप मात्र त्याने बदलत नाही. ते रिप्लेसने वेगळे हाताळावे लागते. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, ‘डिंक्या’ आणि ‘डिंक्या रोग’, ‘कोळशी’ आणि तिला कारणीभूत असलेली ‘काळी माशी’ हे प्रश्न तर आहेतच. मोजण्यापूर्वी सिलेक्ट डिस्टिंक्ट करून सर्व वेगळी मूल्ये एकदा डोळ्यांखालून घालावीत. शक्य तेथे तक्रार टाइप करू न देता यादीतून निवडायला लावावी आणि टेबलात तिचा क्रमांकच साठवावा.

मोजणी झाल्यावर अहवाल पुन्हा आडवाच मागितला जातो: डावीकडे तालुके, वर तक्रारींची नावे. वाचणाऱ्यासाठी तेच सोयीचे आहे. त्यासाठी प्रत्येक तक्रारीमागे काउंट(डिस्टिंक्ट केस व्हेन तक्रार = ‘डिंक्या’ देन बाग एंड) अशी एक ओळ लिहून तालुक्यावर ग्रुप बाय करावे. एल्स न दिल्यामुळे जुळत नसलेल्या ओळींना नल मिळते आणि काउंट त्यांना मोजत नाही.

नव्याने टेबल तयार करण्याची संधी असेल तर तक्रारींचे वेगळे टेबलच करावे, ज्यात बाग, पाहणीची तारीख आणि तक्रार यांची मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, असेल. मग १०४ सारखी दुबार नोंद डेटाबेस आतच घेणार नाही आणि चौथी तक्रार आढळली तर ती लिहायला जागाही असेल. जेथे जुने टेबल बदलता येत नाही, कारण त्यावर इतर कार्यालयांची कामे अवलंबून असतात, तेथे युनियन ऑलची किंवा क्रॉस अप्लायची क्वेरी नल ओळी न गाळता एका व्ह्यूमध्ये (टेबलासारखी वापरता येणारी, नाव देऊन ठेवलेली क्वेरी) साठवावी आणि तक्रारींची प्रत्येक मोजणी त्या व्ह्यूवरूनच करावी. पुढच्या हंगामात फॉर्मवर तक्रार४ ची जागा वाढली तर व्ह्यूमध्ये एक ओळ वाढवली की काम भागते आणि बाकीच्या अहवालांना हात लावावा लागत नाही.